कात्रीच्या सोयीने काढलेली पात्रे

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी कार्टून, चित्रपट आणि त्यांत दिसणारी समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पात्रे या एकाच विषयावरची पत्रे बरीच होती. त्यांतली नाशिक परिसरातून आलेली चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

*माझी मुलगी दहा वर्षांची आहे. सुट्टीत ती एक अमेरिकी कार्टून मालिका पाहत होती. त्यात गार्नेट नावाचे एक पात्र आहे आणि दोन मुलींचे लग्न लागते. तिने सहज विचारले, ‘आई, असं चालतं का गं?’ मी ‘नंतर सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. पण सासूबाईंनी ते ऐकले आणि तेव्हापासून रिमोट त्यांच्या ताब्यात आहे. मुलांच्या कार्टूनमध्ये असे प्रसंग घालण्याची गरज काय? आणि मुलीवर याचा काही परिणाम होईल का?*
— एक आई, इंदिरानगर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरी काळजी तिथे आहे. कार्टून पाहून कोणी समलिंगी होत नाही. आज जे समलिंगी स्त्रीपुरुष चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांनी लहानपणी राजा-राणीच्या गोष्टी, नायक-नायिकांची गाणी आणि घरोघरची लग्ने यांखेरीज दुसरे काहीच पाहिलेले नव्हते, आणि तरीही ते जसे होते तसेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीरपणे सांगितले. परिणाम होतो, पण तो वेगळ्या ठिकाणी होतो. वर्गातल्या एखाद्या नाजूक मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवायचे की नाही, हे मूल ज्या अनेक ठिकाणांहून शिकते त्यांत टीव्हीही एक आहे.

‘गरज काय’ या प्रश्नाला मात्र सरसकट उत्तर देता येत नाही, कारण असे सगळे प्रसंग एका प्रतीचे नसतात. तुमच्या मुलीने पाहिलेली मालिका रिबेका शुगर यांची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ आहे. २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेल्या या मालिकेत गार्नेट ही उंच, अबोल आणि सगळ्यांना धाक वाटेल अशी योद्धा आहे. बऱ्याच भागांनंतर, २०१५ मध्ये, प्रेक्षकांना कळते की गार्नेट ही एकटी कोणी नाहीच. रूबी आणि सफायर या दोघी एकमेकींवरच्या प्रेमाने एकरूप झाल्या की गार्नेट उभी राहते, आणि दोघींत बेबनाव झाला की ती तुटते. २०१८ मध्ये या दोघींचे लग्न दाखवले गेले, तेव्हा पाच वर्षे गोष्ट पाहणाऱ्या मुलांना ते कथेचे साहजिक पुढचे पाऊल वाटले. याच मालिकेतल्या दुसऱ्या दोन स्त्री-पात्रांच्या एका नृत्याला ब्रिटनमधल्या प्रक्षेपणात कात्री लागली होती; पण गार्नेटला कात्री लावायची म्हटली तर मालिकेचा कणाच जातो.

याच्या उलट मोठ्या स्टुडिओंचे बरेच चित्रपट पाहावेत. २०२० च्या ‘ऑनवर्ड’ मध्ये एक महिला पोलीस अधिकारी बोलता बोलता आपल्या प्रेयसीच्या मुलीचा उल्लेख करते, एवढ्या एका वाक्याची वर्तमानपत्रांत केवढी तरी चर्चा झाली. आणि रशियात तेच वाक्य असे बदलले गेले की ती प्रेयसी आहे की प्रियकर, याचा पत्ताच लागू नये. २०२२ च्या ‘लाइटइयर’ मधले दोन स्त्रियांचे ओझरते चुंबन आधी काढून टाकले होते आणि स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांनी उघड नाराजी व्यक्त केल्यावर ते परत आले. पुढे ते गाळायला निर्मात्यांनी नकार दिला आणि संयुक्त अरब अमिरातीसह अनेक देशांत चित्रपट लागलाच नाही. निर्माते या वेळी मागे हटले नाहीत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ते दृश्य काढले असते तरी कथेचा एक धागाही हलला नसता, हेही तितकेच खरे. ज्या पात्रांची जागा आधीच कात्रीच्या सोयीने आखलेली असते, त्यांच्याबद्दल ‘गरज काय’ असे कोणी विचारले तर मलाही उत्तर सुचत नाही. गार्नेटबद्दल विचारले तर सुचते.

मुलीला काय सांगायचे, ते फार अवघड नाही. तिने चार शब्दांत विचारले आहे, तुम्ही चार वाक्यांत सांगा. दोन बायका किंवा दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात, असे लोक जगात आहेत आणि आपल्या गावातही आहेत. काही देशांत त्यांचे लग्न कायद्याने लागते. आपल्या देशात तसे लग्न कायद्याने लागत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय संसदेकडे सोपवला. पण त्यांनी एकत्र राहणे गुन्हा नाही, हे त्याच न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले आहे. एवढे सांगितले की बहुतेक मुले पुढच्या भागाकडे वळतात. ‘नंतर सांगते’ हे उत्तर मात्र मुलांच्या लक्षात राहते, कारण त्यावरून त्यांना कळते की इथे काहीतरी लपवण्यासारखे आहे.

सासूबाईंना रिमोट हवा असेल तर असू द्यावा. त्यांचा तो हक्कच आहे. पण त्यांना शेजारी बसवून दोन भाग दाखवा आणि पडद्यावर ७+, १३+, १६+ असे जे वयोगट लिहिलेले असतात ते वाचून दाखवा. हे वयोगट ओटीटीवर भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार लावावे लागतात आणि हिंसा, शिवीगाळ, भीतिदायक प्रसंग यांचा विचार त्यांत झालेला असतो. आजी मारामारीची कार्टून नातवंडांसोबत बिनदिक्कत पाहतात आणि लग्न लागले की चॅनेल बदलतात, याचे मला नेहमी थोडे नवल वाटते.

*मी कॉलेज रोडवर ॲनिमेशनचा अभ्यासक्रम करतो. लहानपणीची कार्टून आता अभ्यास म्हणून पुन्हा पाहताना लक्षात आले की खलनायकच तेवढे मुरडत चालतात, डोळ्यांना रंग लावतात, लाडिक बोलतात; नायक कधीच नाही. आमचे शिक्षक म्हणतात की ते फक्त कॅरेक्टर डिझाइन आहे. हे मुद्दाम केलेले असते का?*
— विद्यार्थी, नाशिक

ॲनिमेशनमध्ये ‘फक्त डिझाइन’ असे काही नसते, हे तुम्हाला तुमच्या शिक्षकांइतकेच चांगले माहीत असणार. चित्रीकरणात एखादा नट चुकून हात हलवतो आणि तो कॅमेऱ्यात राहून जातो. तुमच्या कलेत पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात आणि त्यांतला प्रत्येक हात कोणीतरी ठरवून, काढून, वरिष्ठांना दाखवून मंजूर करून घेतलेला असतो. त्यामुळे मनगट लचकले असेल तर ते बैठकीत ठरून लचकलेले आहे.

याचा उगम शोधायचा तर १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडकडे जावे लागते. तिथल्या स्टुडिओंनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, जी हेज कोड या नावाने ओळखली जाते आणि जिची कडक अंमलबजावणी १९३४ पासून झाली. तिच्यात ‘लैंगिक विकृती’ नुसती सूचित करण्यालाही बंदी होती, आणि समलैंगिकता त्याच सदरात मोडत होती. मग उघड सांगता येत नाही ते चालीतून, आवाजाच्या चढउतारातून, अंगठीच्या बोटातून सुचवले जाऊ लागले. आणि पापाचे परिमार्जन पडद्यावर झालेच पाहिजे असाही त्या संहितेचा आग्रह असल्यामुळे अशा लकबी शेवटी मरणाऱ्या किंवा फजीत होणाऱ्या पात्रांच्या वाट्याला गेल्या. संहिता १९६८ मध्ये संपली, पण पेन्सिलीची सवय संपली नाही. ‘अलादीन’ मधला जाफर आणि ‘लायन किंग’ मधला स्कार आठवून पाहा. आपल्याकडे केबलवर घरोघरी पाहिलेल्या ‘पॉवरपफ गर्ल्स’ मधला लालबुंद, झालरीचा झगा घातलेला हिम तर या परंपरेचे ढोबळ टोकच आहे.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती तुम्ही चित्रकार म्हणून समजून घ्यावी असे मला वाटते. जाफर आणि स्कार ज्यांच्या हाताखाली घडले ते अँड्रियास देजा स्वतः समलिंगी आहेत. ‘लिटल मर्मेड’ (१९८९) मधली समुद्रातली चेटकीण अर्सुला हिचे रूप डिव्हाइन या स्त्रीवेषात काम करणाऱ्या कलावंतावरून घेतलेले आहे, आणि त्या चित्रपटामागचे एक प्रमुख डोके हॉवर्ड ॲशमन यांचे होते. ॲशमनही समलिंगी होते. १९९१ मध्ये एड्सने त्यांचे निधन झाले. म्हणजे या खलपात्रांमागे निव्वळ द्वेष नव्हता. जे नायकाच्या तोंडी घालायला परवानगी नव्हती तो सगळा खट्याळपणा, थाटमाट आणि बुद्धीची धार या कलावंतांनी खलनायकाच्या पदरात टाकली, आणि म्हणूनच चित्रपट विसरला तरी अर्सुला लक्षात राहते. मात्र सात वर्षांच्या प्रेक्षकाला हा इतिहास माहीत नसतो. त्याचा हिशेब सरळ असतो: असे चालणारा तो वाईट.

जपानमध्ये चित्र निराळे होते. नाओको ताकेउची यांच्या ‘सेलर मून’ या चित्रकथेवरून १९९२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत हारुका आणि मिचिरू या दोघी उघडपणे एकमेकींच्या आहेत, आणि त्या दोघीही शूर, सत्पक्षातल्या योद्ध्या आहेत. या दोघींचे भाग अमेरिकेत इंग्रजीतून गेले तेव्हा, २००० साली, त्यांना चुलत-मामे बहिणी ठरवण्यात आले. पण रेखाटलेल्या नजरा बदलता आल्या नाहीत, त्यामुळे झाले असे की प्रेयसींच्या जागी विलक्षण जवळीक असलेल्या बहिणी पडद्यावर आल्या. त्याच मालिकेतला झोइसाइट हा पुरुष एका पुरुषावर प्रेम करतो म्हणून इंग्रजीत त्याला बाईचा आवाज देऊन बाई करून टाकले होते. २०१४ पासून झालेल्या नव्या इंग्रजी आवृत्तीत ही नाती मूळ रूपात परत आली. हे सगळे बदल ध्वनिमुद्रणाच्या खोलीत झालेले आहेत, हे लक्षात ठेवा. तुमच्यातले काही जण उद्या डबिंगच्या कामातही जाल.

त्यानंतरची वाटचाल वाकडीतिकडी आहे. ‘लेजंड ऑफ कोरा’ ही मालिका २०१४ च्या डिसेंबरात संपली ती कोरा आणि असामी हातात हात घालून एका तेजोमय दारातून जातात तिथे, आणि त्या दोघी प्रेमात आहेत हे निर्मात्यांना नंतर वेगळे जाहीर करावे लागले. ‘आउल हाउस’ या मालिकेच्या निर्मात्या डेना टेरेस यांना डिस्नेच्या वरिष्ठांपैकी काहींनी असे नाते वाहिनीवर दाखवता येणार नाही असे बजावले होते. त्या अडून बसल्या आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत लुझ ही मुलगी, म्हणजे मालिकेची नायिका, ॲमिटी या मुलीच्या प्रेमात पडली. ‘निमोना’ या ॲनिमेशनपटाची कथा तर आणखी विलक्षण आहे. २०२१ मध्ये तो बनवणारा स्टुडिओच मालक कंपनीने बंद केला, चित्रपट अर्धवट पडला, दुसऱ्यांनी तो उचलला आणि २०२३ मध्ये प्रदर्शित झाल्यावर त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यातला नायक सरदार दुसऱ्या सरदारावर प्रेम करतो, आणि ज्याने त्याचा हात तोडला तो हाच प्रियकर असल्यामुळे सगळी कथा त्यावर उभी आहे. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूला, २०२४ च्या अखेरीस, ‘विन ऑर लूज’ या मालिकेतल्या एका पात्राच्या पारलिंगी असण्याविषयीचे संवाद प्रदर्शनाआधी गाळले गेले. पात्र तसेच राहिले, ओळी तेवढ्या गेल्या.

म्हणून तुमच्या अभ्यासासाठी एक सुचवतो. स्टोरीबोर्ड पूर्ण झाला की त्यातल्या समलिंगी किंवा पारलिंगी पात्राची ओळख सांगणाऱ्या चौकटी उचलून बाजूला ठेवा आणि उरलेली गोष्ट कोणाला तरी दाखवा. त्याला काहीच खटकले नाही, तर तुम्ही ते पात्र कोणासाठी काढले होते हे स्वतःला विचारायला हवे. आणि मुरडत चालणारा एखादा नायक काढून पाहा. तो विनोदी नसावा. त्याला भूक लागावी, राग यावा, निर्णय घ्यावे लागावेत. हे दिसते त्यापेक्षा अवघड आहे, कारण आपले हात शंभर चित्रपट पाहून तयार झालेले असतात.

*मी पंचवटीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. मुलांच्या मनोरंजनात आणि चित्रपटांत हे जे समलैंगिकतेचे प्रदर्शन चालले आहे ते पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्या रंगभूमीने आणि सिनेमाने असले प्रकार कधी केले नाहीत. आपले मत काय?*

सर, कार्टून आणि ओटीटीचा बाजार पाश्चात्त्यांचा आहे, यात शंका नाही. पण आपल्या पडद्यावर पुरुष बाई झाला तो आपल्याच परिसरातल्या माणसाच्या चित्रपटात. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये त्यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. याच फाळक्यांनी आगकाड्या हलवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’ हा आपल्याकडच्या ॲनिमेशनचा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. तेव्हा ॲनिमेशन आणि लिंगाच्या सीमा ओलांडणारा अभिनय या दोन्ही गोष्टी शोधत दूर जायला नको. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहेच.

अर्थात साळुंके सीता झाले याचा अर्थ ते समलिंगी होते असा होत नाही. स्त्रिया मिळत नव्हत्या म्हणून पुरुष उभे राहिले, आणि बालगंधर्वांच्या नऊवारीचा थाट पाहायला कुलीन घरांतल्या स्त्रिया गर्दी करत. हे मी एवढ्यासाठी सांगतो आहे की आपल्या प्रेक्षकाला या गोष्टीचे वावडे कधीच नव्हते. वावडे कुठे होते ते तमाशापटांतल्या नाच्याकडे पाहिले की कळते. गणपत पाटलांनी ती भूमिका आयुष्यभर केली. प्रेक्षक पोट धरून हसले, आणि संसारी असलेल्या या गुणी नटाला पडद्याबाहेरही तीच हेटाळणी सोसावी लागली. आनंद यादवांच्या कादंबरीवरच्या ‘नटरंग’ ने पुढे २०१० मध्ये हेच दुखणे समोर मांडले. बाईचे सोंग चालते, बायकी पुरुष चालत नाही, अशी आपली रीत होती.

आणि उघड समलैंगिकता म्हणाल, तर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आले. मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते, आणि रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली. त्या वेळी अमेरिकेत कोणत्याही मुलांच्या मालिकेत असे पात्र नव्हते. खूळच म्हणायचे असेल तर ते आपले आपण आधी केलेले आहे.

*मी सतरा वर्षांचा आहे, निफाड तालुक्यात राहतो. मला मुलगे आवडतात. स्वतःसारखे कोणी पाहायचे तर मोबाइलवर जपानी आणि अमेरिकी कार्टून पाहतो, सबटायटल वाचत. मराठीत आमच्यासारखे फक्त विनोदी कार्यक्रमात साडी नेसलेल्या माणसाच्या रूपाने दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचीच नक्कल होते. मराठीत काहीच नाही का? आणि त्या कार्यक्रमांबद्दल काही करता येते का?*

मराठीत ॲनिमेशनमध्ये म्हणाल तर तुला दाखवावे असे माझ्याकडे काही नाही. पण मराठी माणसे आहेत. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, ‘लग्न कधी करणार’ म्हणून नातेवाईक त्याला भंडावून सोडतात, आणि बाल्या नावाचा लहानपणीचा शेतकरी मित्र त्याला पुन्हा भेटतो. २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या स्पर्धेतला सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्या चित्रपटगृहांत लागला. त्यातले शेत, ओसरी, सुतकातले जेवण आणि बोली तुला ओळखीची वाटेल. सबटायटल लागणार नाहीत. आनंदची आई तर आवर्जून पाहा, तिला सगळे ठाऊक आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी छोटी आहे आणि तालुक्याच्या वाचनालयात मागवता येते. भाऊ आणि बहीण दोघेही घरात राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि दोघांचे दुःख एकाच घरात वेगवेगळे राहते. ‘अलीगढ’ (२०१६) हा हिंदी चित्रपट मराठीचे प्राध्यापक आणि कवी रामचंद्र सिरस यांच्यावर आहे. तो चांगला आहे, पण जड आहे; मन खाली असेल त्या दिवशी पाहू नकोस.

घरी सांगायचे की नाही, याची घाई करू नकोस. जेवणाखाणाचा, शिक्षणाचा खर्च घरावर अवलंबून असताना सांगायची वेळ तू निवडायची असते, कार्टूनमधल्या पात्रांनी धाडस केले म्हणून तू त्याच महिन्यात करायचे नसते. बोलावेसे वाटले आणि जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. कोणी तुला ‘बरे करायला’ डॉक्टरकडे न्यायचे म्हणाले, तर एवढे माहीत असू दे की असे उपचार करणे हे २०२२ पासून डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन मानले जाते.

विनोदी कार्यक्रमांबद्दल करता येते, आणि त्यासाठी अठरा वर्षांचे होईपर्यंत थांबायलाही नको. नाव द्यायचे नसेल तर घरातल्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाच्या नावाने कर. प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमका संवाद लिहून तक्रार पाठवली की टीव्ही वाहिन्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे जाता येते. ‘तुमचा कार्यक्रम वाईट आहे’ असे लिहू नकोस, ते दोन ओळींत निकालात काढतात. साडी नेसलेल्या माणसाच्या तोंडचे वाक्य जसेच्या तसे उतरव, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे काय झाले तेही त्याखाली लिही.